घाणीचा दगड आणि जमनाकाकीची भिंत

मित्रांनो, मी एक जुना दगड. काळा, गोल, माणसाच्या छातीएवढा, मधे आरपार भोक. चुना दळायच्या घाणीतला. गोल दगडानं फिरायला नको का? आणि मी कित्येक वर्षं कोपऱ्यात टेकून उभा होतो. अंगाला नुसत्या मुंग्या यायच्या.

तारापूरच्या बाजूला, खाडीजवळ आमची पेठ. ती सगळी माझ्या चुन्यावर उभी राहिली. नवापूरच्या किनाऱ्यावरून टोपल्या भरून शिंपले यायचे. ते गोड्या पाण्यात धुवायचे, भट्टीत भाजायचे, पाण्यात विझवायचे. मग तो चुना आणि रेती माझ्या गोल चरात पडायची, वरून गुळाचं पाणी. रेडा माझ्या भोकातला दांडा ओढायचा आणि मी चरातून गरगर फिरायचो. मागे आमच्या पेठेतल्या जमनाकाकीचे सासरे चालायचे. चुना लोण्यासारखा झाला का ते बोटावर घेऊन बघायचे. नाही पटला की परत फिरव. मला काय, मजाच.

त्या चुन्यानं हातभर जाड भिंती झाल्या. पुढे सागाचे खांब, खांबांवर कोरलेले पोपट, रस्त्याकडे उघड्या ओट्या. ओट्या एकमेकींना लागून, म्हणून भर पावसात या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरडं जाता यायचं. कौलं खूप खाली उतरलेली, कारण इथला पाऊस आडवा येतो. बाहेरचे लोक येऊन भिंतींचं कौतुक करायचे. माझं नाव कुणी घ्यायचं नाही. राग यायचा, पण निदान फिरत तरी होतो.

मग सिमेंट आलं. गोणी फोडली, पाणी घातलं की काम सुरू. रेडा विकला. मला चरातून काढून बाजूला केलं. कुणी माझ्यावर कोयता घासला, कुणी बोंबील वाळवायची दोरी बांधली. पोरांनी खिळ्यानं नावं खरवडली, तीही वेडीवाकडी.

अलीकडे पेठेच्या तोंडाशी पाटी लागली, ही पेठ संरक्षित आहे, परवानगीशिवाय काही पाडायचं नाही, बदलायचं नाही. लोक आधी खूश झाले, मग खिडकीच्या फळीलाही अर्ज करावा लागला तसे वैतागले. रस्त्यावर रंगीत फरशा बसल्या. माझा चर त्यांच्याखाली गेला. पेठ जपायला निघाले आणि पेठ जिथून निघाली तीच जागा बुजवली. मी बघत होतो. दगडाला ओरडता येत नाही.

जमनाकाकीचा मुलगा धीरज बोईसरला कारखान्यात जातो. घराच्या पुढच्या भिंतीला ओल दिसली म्हणून त्यानं सुट्टी मोडून सिमेंटचा गिलावा केला. मायेनंच केला. पण चुन्याची भिंत श्वास घेते, आत आलेली ओल वाऱ्यावर सोडून देते. सिमेंटनं तिचं नाक दाबलं. आत मीठ फुललं, भिंतीला पोट आलं. परवानगीवाले साहेब येऊन सांगून गेले, पावसाच्या आत सिमेंट काढून चुन्यानं दुरुस्त करा, नाहीतर धोक्याची म्हणून भिंत उतरवावी लागेल. भिंत गेली की ओटी गेली. आणि काकी त्याच ओटीवर बसून भाजी विकते.

धीरजनं सिमेंट खरवडलं. तयार चुना आणला, फावड्यानं कालवला, थापला. वाळल्यावर सगळ्याला भेगा. पापुद्रे खाली आले तसं त्यानं घमेलं लाथेनं उडवलं. मला तो पोरगा तिथंच आवडला.

"घमेल्यानं काय केलंय तुझं?" काकी म्हणाली. "चुना दळलाच नाय तू. तुझा आजा दिवस दिवस दळायचा."

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या अंगातून काय गेलं, काय सांगू.

दुसऱ्या सकाळी दोघं पहार घेऊन आली. नेमके तेव्हाच पेठेच्या समितीचे कमलाकांतभाऊ गवंड्याला घेऊन हजर. त्यांनी पाटीशेजारी चौथरा बांधला होता. मला त्यावर सिमेंटमध्ये रोवायचं, सोनेरी ऑइलपेंट मारायचा, पुढे साखळी लावायची. भाऊ वाईट नाहीत. तेही मला जपायलाच आले होते.

धीरज तापला. "भाऊ, तुमी फोटोसाठी दगड नेताय. हितं आमचं घर पडतंय."

भाऊंचं म्हणणं, हा पेठेचा वारसा, वापरून झिजला तर जबाबदार कोण?

काकीनं माझ्यावर हात ठेवला. आवाज चढवला नाही. "कमलाकांत, फिरून झिजला तर झिजू दे. नुसता उभा राहून त्याचं काय झालंय ते वाच की. ही नावं बघ. यात तुझ्या पोराचं, हर्षितचं पण हाय."

भाऊ खाली वाकले. पोराचं नाव बोटानं चाचपलं. मग उठून गवंड्याला म्हणाले, "फरशा काढ. पण नीट काढ, आमी पैसे भरलेत."

खाली चर तसाच होता. पहारींनी लोटत मला त्यात उभं केलं, भोकात नवा दांडा घातला. रेडा मात्र कुठून आणणार? धीरजनं दांड्याला मोटरसायकल जुंपली. ती थोडी फुरफुरली आणि बंद पडली. काकी म्हणाली, रेडा बरा, त्याला पेट्रोल तरी लागत नव्हतं. शेवटी माणसांनीच हात लावले, भाऊंनीसुद्धा. मी हललो. आधी कुरकुरलो, मग चराला माझी ओळख पटली. काकीनं चुना बोटावर घेतला आणि म्हणाली, "अजून." परत फिरलो. परत अजून. असं कुणी मला किती वर्षांत म्हटलं नव्हतं.

पोट आलेला भाग काढून त्याच चुन्यानं परत बांधला. चुना घाई करत नाही, धीरजला घाईशिवाय जमत नाही. कारखान्यातली पाळी संपवून आला की बडबडत भिंतीवर पाणी मारायचा. साहेब आले, भिंतीवर मूठ ठोकली आणि म्हणाले, राहू दे. काकीनं भाजीची टोपली ओटीवर मांडली.

तर मित्रांनो, जुनं काही दिसलं की लगेच रंग घेऊन धावू नका, खिळा तर नकोच. आधी विचारा, हे काय काम करायचं? जमत असेल तर ते काम त्याला करू द्या. बाकी बोलायला मला वेळ नाही. शेजारच्या घराचं सिमेंट खरवडून झालंय, चरात चुना पडलाय, आणि दांड्याला अजून एका हाताची जागा आहे.