आभाळातला कचरा

मानवतच्या जिनिंग कारखान्यात कापूस पारखणारे दत्तोपंत स्वतःच्या नजरेवर भलतेच खूश होते. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, आभाळाकडे धरायचा आणि निकाल द्यायचा. निजामाच्या सबंध मुलखात अशी नजर नाही, असं लोक म्हणत. म्हणजे पंत म्हणत, आणि लोक ऐकत.

डाव्या डोळ्यापुढं एक डास कैक वर्षं तरंगत होता. त्याचं त्यांना काही वाटत नसे. पण आठ दिवसांपूर्वी एकाएकी त्या डासाचं सगळं गणगोत उतरलं. काळे ठिपके, जाळी, कोपऱ्यात विजा. पंत गप्प बसले. पारख्याचा डोळा बिघडला हे मालकाला कळलं तर नोकरी गेली, एवढी अक्कल त्यांना होती. पुढची नव्हती.

त्या दिवशी सटवाजी नावाच्या शेतकऱ्याची कापसाची गाडी आली. पंतांनी कापूस वर धरला.

"कचरा आहे. खारिज."

सटवाजीची बायको दगडाबाई खाली उतरली. "म्या एकेक बोंड निवडलंय. कापूस खाली ठिवा, आन् नुसतं आभाळ बघा."

पंतांनी पाहिलं. आभाळभर तोच कचरा. नजर फिरवली की तोही फिरत होता. आठवडाभर परत पाठवलेल्या गाड्या त्यांना एकेक करून आठवल्या. त्यात खालच्या कोपऱ्यातून काळा पडदा वर सरकायला लागला, तेव्हा ते दोघांपुढं सगळं बोलून गेले.

नवराबायकोनं त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरपुढं मात्र पंतांची इज्जत पुन्हा जागी झाली.

"एक ठिपका दिसतो. जुनाच आहे."

"जुन्या एखाद्या ठिपक्याला भ्यायचं कारण नाही. वयानं होतं. घरी जा," डॉक्टर म्हणाले.

पंत खुशीत उठले. एवढं मोठं गाढव पंचक्रोशीत दुसरं नसेल.

"आन् आठ दिवसांपास्नंचा ठिपक्यांचा ढीग, विजा, आजचा पडदा, ते कोण सांगणार?" दगडाबाई दारातून बोलली.

डॉक्टरांनी पंतांना पुन्हा बसवलं आणि बराच वेळ डोळा तपासला. "पंत, असं एकाएकी झालं की त्याच दिवशी यायचं असतं. डोळ्याच्या आतलं अस्तर सुटायलंय. मधोमध सुटलं की नजर गेली. त्याच्या आत शस्त्रक्रियेला हैद्राबाद गाठा. आजच्याच गाडीनं."

पंतांना कापसावर उताणं निजवून सटवाजीनं बैल स्टेशनकडे वळवले.

"सटवाजी, कापूस तुझा चांगला होता," पंत म्हणाले. "मला लय भीती वाटायलीय."

"ठावं हाय. तुमी मान हलवू नका," सटवाजी म्हणाला, आणि खड्डे चुकवत गाडी हाकू लागला.