झोफियाच्या आधी

लुडविकनं यंदा मासे झोफियाच्या आधी बाहेर सोडले आणि गावाला चघळायला विषय मिळाला.

मोरावियाच्या त्या कोपऱ्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मेच्या मध्यावर पांक्रात्स, सर्वात्स आणि बोनिफात्स हे तीन गोठलेले संत येतात, लागलेली फळं करपवून जातात. त्यांच्या पाठोपाठ संत झोफिया, त्या थंडीचा शेवटचा दिवस. ती होऊन गेल्याशिवाय शहाणा माणूस मिरचीचं रोपसुद्धा उंबऱ्याबाहेर ठेवत नाही. मग मेक्सिकोकडचे, उबेला सोकावलेले मासे ठेवण्याची तर गोष्टच सोडा.

लुडविक काही खुळा नव्हता. वीसेक वर्षं तो ते लालभडक तलवारशेपटे सांभाळत होता. हिवाळ्यात घरातल्या छोट्या खोलीत काचेच्या टाक्यांत, उन्हाळ्यात द्राक्षं पिळायच्या कोठीच्या भिंतीलगत स्वतः खणलेल्या तळ्यात. उन्हाळाभर डासांच्या अळ्या खाऊन त्यांना जो रंग चढे, तो दुकानातल्या माशांना सात जन्मांत चढला नसता. हा वाण त्यानं स्वतः निवडून निवडून केला होता. दुसरीकडे तो कुठेच नव्हता.

पण एप्रिलमध्ये त्याच्या लेकीला, राडकाला, मूल झालं. ब्रनोतलं तिचं घर चौथ्या मजल्यावर, जावई सतत फिरतीवर. पोरगी माहेरी येणार म्हटल्यावर बाळंतिणीला छोटी खोली हवीच. टाक्यांच्या ओलीनं त्या खोलीच्या भिंतीला बुरशी धरली होती.

"एक मेपर्यंत खोली रिकामी," त्याची बायको अपोलेना म्हणाली. "भिंत खरवडायची, चुना मारायचा. माझं नातवंड डबक्यात झोपणार नाही."

"मग टाक्या स्वयंपाकघरात ठेवतो."

"तिथं माझे टोमॅटो आहेत."

होतेच. खिडकीत, टेबलावर, जमिनीवर, सगळीकडे खोक्यांतून रोपं उभी होती. बैलकाळीज नावाचा टोमॅटो, मुठीएवढा, गुलाबी. वाण अपोलेनाच्या आईचा. यंदा उंदरांनी बियांचा डबा फोडला होता. उरलेलं सगळं बी तिनं फेब्रुवारीतच पेरून टाकलं होतं.

"म्हणजे टोमॅटो घरात आणि मासे बाहेर!" लुडविक भडकला. "तुझा तो बाब्या आणि माझं ते कार्टं!"

"टोमॅटो खाता येतात," अपोलेना म्हणाली आणि झाडू घेऊन निघून गेली.

त्या आठवड्यात ऊन असं तापलं की माणसं बाह्या वर करून फिरत होती. लुडविकनं रागाच्या भरात टाक्या माळ्यावर टाकल्या आणि मासे तळ्यात सोडले. कुंपणापलीकडून ओल्ड्रिख पाहत होता. त्याची जर्दाळूची बाग होती आणि जीभ तिखट होती.

"माशांना स्वेटर विणलेस की नाही रे?"

लुडविक रिकामी बादली उचलून निघून गेला. ओल्ड्रिखकडे त्यानं आयुष्यात कधी काडेपेटीही मागितली नव्हती, आणि मागणार नव्हता.

पांक्रात्सच्या आदल्या दिवशी वारा फिरला. दुपारी ओल्ड्रिख बागेत ओला पेंढा टाकत होता, रात्री धूर करून जर्दाळू हिमापासून वाचवायला. या खेपेला त्यानं थट्टा केली नाही.

"काढ ते मासे," तो म्हणाला. "उणे चारपर्यंत जाणार म्हणतायत."

तळ्याचं पाणी तोवर गार पडलं होतं. एरवी जाळीला चकवणारे थोराड नर तळाशी निपचित पडले होते. लुडविकनं जाळी खाली घातली की आपसूक आत येत होते. त्याला रडू फुटलं. त्यानं ते गार वाऱ्यावर ढकललं, बाहीनं नाक पुसलं आणि जाळी पुन्हा बुडवली.

मासे तळ्याच्याच पाण्यात धुण्याच्या टबांतून आणले. एकदम कोमट पाण्यात टाकले तर मेलेच म्हणायचे. त्यांना हळूहळू ऊब लागायला हवी, आणि घरात चूल एकाच खोलीत होती. स्वयंपाकघराच्या दारात टब घेऊन तो थांबला. छोट्या खोलीत आता राडका आणि बाळ होतं, आणि इथं पाऊल ठेवायला जागा नव्हती.

अपोलेनानं टबात पाहिलं. मग पदर खोचल्यासारखा एप्रन कमरेशी घट्ट बांधला आणि एकेक खोकं उचलून बाहेरच्या काचेच्या व्हरांड्यात नेऊ लागली.

"तिथं चूल नाही," लुडविक म्हणाला.

"मला माहीत आहे कुठं काय आहे ते. टब टेक खाली."

टेबलाखाली, चुलीपाशी, सगळीकडे टब मांडले. हवेचा पंप एकच, तो आळीपाळीनं लावला. राडका बाळाला खांद्यावर घेऊन आली, म्हणाली, "बाबा, झोपा आता, मी बघते." तो झोपला नाही. पहाटे मात्र खुर्चीत डोळा लागला.

जाग आली तेव्हा टबांभोवती घरातल्या दोन्ही पिसांच्या जुन्या दुलया गुंडाळलेल्या होत्या. मासे हलत होते. थोडे गेले होते, बहुतेक जगले होते. मोठा नर तर चक्क दुसऱ्याच्या अंगावर धावून जात होता.

मग तो व्हरांड्यात गेला. रोपं उकडलेल्या पालकासारखी काळी होऊन लोळली होती. सगळीच्या सगळी.

अपोलेना कॉफी घेऊन आली.

"दुलया रोपांवर घालायच्या होत्यास ना," तो म्हणाला.

"दोनच होत्या."

"आईचं बी होतं ते, अपोलेना."

"माहीत आहे मला." तिनं कप त्याच्या हातात दिला. "टोमॅटो गेले तर मी चार दिवस बडबड करीन, तुला शिव्या घालीन आणि मोकळी होईन. तुझे मासे गेले असते तर तू गप्प बसला असतास. वर्षभर. तसल्या माणसाशी मला राहता आलं नसतं."

लुडविकनं शिव्यांची वाट पाहिली. त्या आल्याच नाहीत. अपोलेना बाळाचे कपडे उकळत होती, सूप ढवळत होती, विचारलं तर उत्तर देत होती. बडबड मात्र बंद. त्या घरात अशी शांतता कधी झाली नव्हती. लुडविकला ती माशांच्या मरणापेक्षा भयंकर वाटली.

तिसऱ्या संताच्या दिवशी त्यानं कोट चढवला आणि ओल्ड्रिखचं दार वाजवलं.

"काय, मासे मेले?"

"नाही. तुझ्या बायकोला विचार, अपोलेनानं कधी दिलेलं बैलकाळजाचं बी आहे का. एखादं रोप. काहीही."

ओल्ड्रिखच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं, पण त्यानं ते गिळलं. आत गेला. बराच वेळ भांड्यांचे आणि बायकोच्या बोलण्याचे आवाज आले. मग तो दही खाऊन उरलेल्या दोन डब्यांत दोन रोपं घेऊन आला. किडकिडीत, पण हिरवी.

"गेल्या वर्षी तिनंच बी दिलं होतं. आणि ऐक, कोटात घालून ने. वारा आहे."

लुडविक ती कोटात घालूनच घरी आला. स्वयंपाकघरात टबांना ओलांडत त्यानं रोपं टेबलावर ठेवली.

अपोलेनानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"खोडाला धरून आणलीस?" ती कडाडली. "देठ मोडला असता तर? आणि ही माती की सिमेंट? पाणी पाजलं त्या बाईनं कधी? तुला काही धरता येतं का रे? लग्नाच्या दिवशी माझा गुच्छसुद्धा उलटा धरला होतास! आणि हे टब किती दिवस? मी काय उडत चूल पेटवायची?"

राडका दारात येऊन उभी राहिली. बाळ जागं झालं आणि तेही ओरडू लागलं.

लुडविक खुर्ची ओढून बसला. सगळं ऐकत राहिला, आणि मनात म्हणाला, देवा, थांबवू नकोस हिला.