आत्याबाईंसाठी आणलेलं तेल

मला राग लवकर येतो, हे अख्ख्या जाफराबादला माहीत आहे. पण जालन्याच्या डॉक्टरांनी आत्याबाईंचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट बघून "हा तर मागच्यापेक्षा वाईट आहे" म्हटलं, तेव्हा रागसुद्धा आला नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, द्वारकाबाई. उन्हाळ्यात त्यांच्या छातीत जळजळलं. आम्ही पित्त, पित्त म्हणत बसलो आणि निघाला हार्ट अटॅक. स्टेंट टाकून वाचल्या. "पाळी गेली की बायांनाही हा धोका पुरुषांसारखाच वाढत जातो," डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. "दुसरा झटका येऊ द्यायचा नसेल तर गोळ्या चुकवू नका आणि घरातलं तेल-तूप सांभाळा."

सांभाळा म्हणजे काय करा, हे मात्र कुणी एकसारखं सांगेना. डॉक्टर म्हणाले, डालडा बंद, तूप कमी, करडईचं किंवा सोयाबीनचं तेल वापरा, तेही बेतानं. मोबाइलवरचा एक बुवा म्हणाला, तूप हेच औषध, रिफाइंड तेल म्हणजे विष. लाकडी घाणेवाला शेंगदाण्याच्या तेलाची शपथ घेतो, तर शेजारच्या तुळजाबाई मोहरीच्या. नणंद अर्पिता पुण्याहून ऑलिव्हचं तेल सुचवते. उंटावरून शेळ्या हाकायला तिचं काय जातं? सगळेच छातीठोकपणे बोलतात, आणि ऐकून ऐकून माझ्या डोक्याचं दही. ओट्यावर बाटल्या जमल्या, एक ना धड भाराभर चिंध्या. शेवटी मी डॉक्टरांचंच धरलं. डालडा गेला, सरकीचं तेल गेलं, करडईचं आलं. तूप फक्त देवाच्या निरांजनाला उरलं.

आणि तरी रिपोर्ट वाईट. गोळ्या तर मी स्वतः त्यांच्या तळहातावर ठेवते.

"बाहेरचं काही खातात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई हो. चहासंगं खारीबी न्हाई," मी म्हणाले.

डॉक्टरही कोड्यात पडले. गोळी वाढवली, लक्ष ठेवा म्हणाले. घरी येऊन टेकते न टेकते तोच अर्पिताचा फोन. "वहिनी, तू आईला नेमकं काय खाऊ घालून राह्यली?"

आता मात्र राग आला. मी फोन कापला आणि भांडी आपटत बसले. मग राग उतरला आणि भीती उरली. आत्याबाईंना काही झालं तर सगळे माझ्या कढईकडे बोट दाखवतील, ही एक भीती. दुसरी त्याहून मोठी. माझ्या बाळंतपणात रात्ररात्र माझं डोकं मांडीवर घेऊन बसलेली बाई आहे ती. मला ती हवी आहे.

आमच्या घरात आधी मामा जेवतात, म्हणजे सासरे. मग माझा नवरा सोमेश्वर आणि पोरं, मग मी, आणि सगळ्यांच्या शेवटी आत्याबाई. "माझ्यासंगं बसा," मी रोज म्हणते. "तू जेव, मला भूक न्हाई अजून," त्या रोज म्हणतात. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मी जेवून धुणं घेऊन हौदावर गेले, पण डॉक्टरांचं "लक्ष ठेवा" डोक्यात होतं, म्हणून परत फिरले.

आत्याबाई चुलीपाशी बसल्या होत्या. ताटात भाकरी कुस्करलेली, त्यावर लाल चटणी, आणि हातात तळणाच्या तेलाची वाटी. सोमेश्वरला जेवताना काहीतरी तळलेलं लागतंच, कधी पापड, कधी मिरच्या, कधी भजी. उरलेलं तेल मी झाकून ठेवते आणि परत कढईत ओतते. ते कमी कमी व्हायचं. मला वाटायचं तळणातच जिरतंय. आत्याबाईंनी ते काळपट तेल भाकरीवर धार धरून सोडलं.

"आत्याबाई, हे काय करून राह्यल्या?"

"जेवून राह्यले."

"भाजी हाय ना?"

"सोमेश्वरला रातच्याला ठेवली. अन् हे काय टाकून द्यायचं? एवढं चांगलं तेल."

"चांगलं न्हाई ते."

"का बरं? तूच आणलं ना माझ्यासाठी? डॉक्टरनं सांगितलेलं करडीचं तेच तर हाय हे. मी तर उलट जास्तीच घेऊन राह्यले, जल्दी बरं वाटावं म्हणून."

त्यांचं म्हणणं बराबर होतं. तेल तेच, बाटली तीच. माझ्याच कढईत चांगल्याचं वाईट होतं की काय? मी डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं.

"पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल हृदयाला वाईट," ते म्हणाले. "आणि करडईसारखं तेल तर तापवून तापवून लवकर बिघडतं. हेच एक कारण असं मी म्हणणार नाही, पण आजपासून ते बंद. मी कोणतं तेल ते विचारलं, कितीदा तापवलेलं ते विचारलंच नाही."

मी वाटी उकिरड्यावर पालथी केली. आत्याबाई बराच वेळ पुटपुटत होत्या, अन्नाची नासाडी म्हणून.

संध्याकाळी मी पहिलं ताट त्यांना वाढलं. त्या हात मागे घेऊन बसल्या. मामा शेतातून आले, हातपाय धुतले आणि ताटाकडे बघत उभेच राहिले.

"हे जेवल्याबिगर मी कशी जेवू?" आत्याबाई म्हणाल्या.

मग मी मामांना सगळं सांगितलं. ते खांबाला टेकले.

"म्हणजे आम्ही चांगलं चांगलं खाऊन हिच्या पोटात तळण घालून राह्यलो व्हय?"

"तुम्ही न्हाई मामा. कढई माझी."

मामा शेतातून भुकेले आले होते, तरी आत्याबाईंच्या शेजारी, त्यांच्याकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून बसले. "जेव," ते म्हणाले. "मी बघत न्हाई."

आत्याबाईंनी पदर सावरला. घास मोडला, भाजीला लावला, सावकाश चावला.

"मीना, मीठ कमी हाय गं भाजीत."

लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांनी माझ्या भाजीला कधी नाव ठेवलं नव्हतं. शेवटी उरलंसुरलं खाणारं माणूस कशाला नाव ठेवील? मला रडू आवरेना. मी मिठाचा डबा घेऊन आले आणि तशीच उभी राहिले. हृदयाच्या माणसाला वरून मीठ द्यावं की नाही, तेही मला कळेना.