बापासमोरचा घोट

पडद्यावरच्या बापानं मुलाची बॅग जिन्यावरून खाली भिरकावली, तेव्हा शेजारी बसलेल्या खऱ्या बापाकडे बघायची जे-उकची छाती झाली नाही. बॅग खरंच भिरकावली गेली होती. कोरियातल्या मोकपो बंदरावरच्या त्यांच्याच घरातून, जे-उकनं बँकेतली नोकरी सोडून चित्रपट काढायचं ठरवलं त्या दिवशी. आता त्यानं चित्रपट काढला होता, तोही नेमका बापावरच. शुक्रवारी तो सगळीकडे लागणार होता. पण बाबा नको म्हणाले तर लावायचा नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. असला वेडेपणा कुणी करतं का? पण याला बापाचा धाक होता आणि बापावर मायाही तेवढीच होती, त्याला काय करणार.

प्रदर्शनाआधीचा दुपारचा खेळ संपला. बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म घालवलेले त्याचे म्हातारे वडील मान-दोक टोपी घालून उठले आणि मुकाट चालू लागले. बंदराजवळच्या खानावळीत जाऊन बसले, समोर सोजू दारूची बाटली आली. 

"एक गोष्ट मला अजिबात पटली नाही," शेवटी म्हातारा बोलला.

"बॅगेची ना? काढून टाकतो, बाबा."

"ती कशाला काढतोस? फेकली होती मी. बूटही फेकले होते, ते तू दाखवलेच नाहीस." मान-दोकनी ऑक्टोपसचा तुकडा सावकाश चावला. "तो तुझा हिरो बापासमोर बसून सरळ त्याच्या तोंडावर पितो. वडीलधाऱ्यांपुढे असं पितात? तोंड बाजूला करायचं असतं. बंदरावरचे लोक म्हणतील, मान-दोकनं पोराला एवढंही शिकवलं नाही."

हसावं की रडावं, जे-उकला कळेना. "तोंड बाजूला केलं की कॅमेऱ्याला चेहरा दिसत नव्हता, बाबा."

"हं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं खरंच आहे की. खऱ्याला काय नावं ठेवायची? लाव शुक्रवारी."

जे-उकच्या छातीवरचं मणभर ओझं उतरलं. किती दिवसांनी त्यानं मोकळा श्वास घेतला. दोन्ही हातांनी बाटली धरून त्यानं बापाचा पेला भरला. बापानं त्याचा भरला. मग सवयीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून जे-उकनं पेला ओठांना लावला.

"इकडे बघून पी," म्हातारा म्हणाला.

"आत्ताच तर तुम्ही म्हणालात..."

"ते लोकांसाठी म्हणालो. इतकी वर्षं माझ्यासमोर बसून पितोस आणि मला नुसता तुझा कान दिसतो. पिताना माझा पोरगा कसा दिसतो, ते आज पडद्यावर पाहिलं, तेही दुसऱ्याच्या पोराच्या तोंडावर."

जे-उकनं तोंड बापाकडे वळवलं. पेला कलला आणि अर्धी सोजू टेबलावर सांडली.

"नीट धर," मान-दोक म्हणाले, आणि त्यांनी पेला पुन्हा भरला.