किलबिलीतला देवेश

मोताळ्यात लग्नपत्रिका छापायची तर रंगरावांच्या प्रेसमध्ये, आणि टाइप करायला प्रेमलाबाईच हव्यात, हे लोकांनी ठरवूनच टाकलं होतं. कारण एकच, किलबिल. पत्रिकेच्या तळाशी घरातल्या लहानग्यांच्या नावानं असते ती ओळ. बाकीचे प्रेसवाले सगळ्यांना ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ चिकटवून मोकळे. चार महिन्यांचं बाळही तेच म्हणणार आणि सातवीतली पोरगीही. प्रेमलाबाईंना याचा भारी राग. त्या आधी पोराची चौकशी करत. हट्टी आहे का, लाजरं आहे का, जेवताना कोणाच्या मांडीवर बसतं. मग अशी ओळ लिहीत की पत्रिका वाचणाऱ्याला ते पोर ऐकू यावं.

त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. धाकटी जाऊ संजीवनी नागपूरला नोकरीला लागली, तेव्हा तिचा दीड वर्षाचा देवेश यांच्याकडे राहिला. ‘मोठीआई’ म्हणायचा. चार वर्षांचा झाला आणि शाळेसाठी नागपूरला गेला. प्रेमलाबाईंना घर खायला उठलं, ते अजून तसंच.

त्याला तीन वर्षं झाली. आता नणंदेचं, मयुरीचं लग्न ठरलं. बाकी मजकूर त्यांनी अर्ध्या तासात उरकला आणि किलबिलीपाशी आल्यावर चहा मागवला. या ओळीसाठी कोणाला काही विचारायची गरज नव्हती. त्यांनी लिहिलं: ‘माह्या आत्याच्या लग्नात घोड्यावर मी पुढं बसीन. नवरदेवानं मांगं बसावं. पाहाले या.’

मोबाइलवर मजकुराचा फोटो जाताच संजीवनीचा फोन आला. ती चांगल्या शब्दांतच बोलली. पत्रिका शाळेतल्या बाईंनाही जाणार, मुलं हसतील, त्यापेक्षा नेहमीचंच लिहा.

“ताई, तो आता असं बोलत नाही हो.”

प्रेमलाबाईंनी त्याला फोन द्यायला सांगितलं. ओळीचा नुसता बहाणा होता, त्यांना ‘मोठीआई’ ऐकायचं होतं.

“नमस्कार काकू,” देवेश म्हणाला. “तुम्ही कशा आहात?”

तुझ्या नावानं काय लिहू, असं त्यांनी विचारलं. काहीही लिहा, चालेल, म्हणाला. मागून आईनं सांगितल्यावर थँक यूही म्हणाला आणि फोन बंद झाला.

त्यांनी घोड्याची ओळ खोडली. आणखी दोन सुचल्या, पण दोन्हींत बोलणारं पोर चारच वर्षांचं होतं. सात वर्षांचा देवेश काय मागतो, कशावर रुसतो, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं गावभरच्या पोरांना बोलतं केलं आणि आपल्याच पोराची ओळ आपल्याला येईना, याचं त्यांना रडू आलं. नेहमीची ओळ टाकायला हात धजेना. शेवटी त्यांनी किलबिलीत नुसतं त्याचं नाव ठेवलं.

रंगरावांनी प्रूफ वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

“प्रेमलाबाई, याच्यात पोरगं काही बोलूनच नाही राह्यलं.”

“हाव भाऊ,” त्या म्हणाल्या. “माह्यासंग आता बोलतच नाही ते.”