मंजुरीआधीचं हसू

कंपनीतले सगळे त्याला मास्तर म्हणत. शाळेत त्याने कधी शिकवलं नव्हतं, पण औषधविक्रीत त्याच्या हाताखालून गेलेली पोरं आता जागोजागी साहेब होऊन बसली होती. तो निवृत्तीला टेकला असताना एका चिमुकल्या कंपनीने त्याला बोलावून घेतलं. कंपनी म्हणजे गोदामावरचा एक मजला, आणि औषध एकच. हातापायांतली ताकद हळूहळू काढून घेणाऱ्या एका आजारावरची गोळी. चाचण्या संपल्या होत्या, कागद नियामकांकडे गेले होते, मंजुरी तेवढी यायची होती.

अडचण अशी, की मंजुरीआधी औषधाचं नावही काढायला कायद्याने बंदी. आणि मंजुरीनंतर तयारीला लागावं, तर मोठ्या कंपन्या तोंडचा घास पळवणार. मालक मुळात रसायनं ढवळणारा सरळ माणूस, विक्रीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याने सगळी भिस्त मास्तरवर टाकली.

मास्तरने तोड काढली. त्याने जमवलेल्या मुलामुलींनी डॉक्टरांकडे जायचं आणि बोलायचं ते फक्त आजाराबद्दल. सध्याचा उपचार किती जिकिरीचा आहे याबद्दल. दर महिन्याला अख्खा दिवस रुग्णालयात सलाईन लावून पडायचं, घरी येऊन पुन्हा मळमळीने हैराण व्हायचं. एवढं ऐकलं की डॉक्टर आपणहूनच विचारणार, नवीन काही येतंय का?

"तेव्हा काय सांगायचं?" एका मुलीने विचारलं.

"सांगायचं, मला त्यावर बोलता येत नाही. आणि हसायचं. पुढचं त्यांचं ते समजतात."

मग त्याने एकेकाला उभं करून ते हसू घोटवून घेतलं. जास्त दात दाखवणाऱ्याला पुन्हा करायला लावलं. खोलीत खसखस पिकली. कंपनीच्या वकिलानेही मान डोलावली, कारण कायदा कुठेच मोडत नव्हता.

योजना लागू पडली. डॉक्टर गोळीची चौकशी करू लागले, मालकाचा चेहरा खुलला.

मास्तरने कंपनीत एक गोष्ट सांगितली नव्हती. त्याच्या धाकट्या बहिणीला हाच आजार होता. ती बेकरी चालवायची आणि केकवरची फुलं, पानं, नावं स्वतःच्या हाताने काढायची. सलाईनमुळे हात शाबूत होते, पण त्या सलाईनने ती मेटाकुटीला आली होती. एका दुपारी केकवर वेल काढता काढता, मान वर न करता तिने विचारलं, "दादा, तुमची गोळी येतेय ना?"

त्याने गुप्ततेच्या करारावर सही केलेली होती. तो काही बोलला नाही. हसला. तीही हसली आणि तिने वेल पुरी केली.

मंजुरी आली नाही. चाचणीतले रुग्ण फार थोडे आहेत, आणखी एक मोठी चाचणी करा, असं नियामकांनी कळवलं. म्हणजे आणखी काही वर्षांची गोष्ट. मालकाने सगळ्यांना बोलावून तो निर्णय वाचून दाखवला. वकिलाने बजावलं, की कंपनी जाहीर करेपर्यंत कुणी बाहेर चकार शब्द काढायचा नाही. मास्तरही मूग गिळून बसला.

त्याच आठवड्यात भाचीचा फोन आला. "मामा, आईच्या हातात क्रीमची पिशवी राहत नाही. तिने सलाईन कधीच बंद केलंय, मला आज कळलं."

तो तसाच निघाला. बहीण बेकरीच्या मागच्या खोलीत स्टुलावर बसली होती. उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. गोळी येतेच आहे तर उगाच का हाल सोसायचे, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

"उद्यापासून सलाईन सुरू कर," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे येत नाहीये."

मग त्याने करार बाजूला ठेवून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मधे एकदा उठून तिने भट्टी बंद केली.

तिच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते धरून ठेवू. बाहेर आल्यावर ते मास्तरला हलकेच म्हणाले, "माझे आणखी काही रुग्ण असेच थांबलेत. मीही त्यांना फारसं टोकलं नाही. मलाही वाटलं होतं, येतंय."

मास्तर तडक कंपनीत गेला. सगळ्या डॉक्टरांना कळवू या, की गोळीसाठी कुणाला थांबवून ठेवू नका, असं तो म्हणाला. मालक तयार होता. वकील नव्हता. आपण कुणाला थांबा म्हणालोच नाही, तर आता थांबू नका कसं म्हणणार? आणि मंजुरी नसलेल्या औषधाबद्दल बोलायची बंदी अजून उठलेली नाही. मालकाने शेवटी वकिलाचंच ऐकलं.

मास्तरने स्वतःच फोन लावले. काहींनी ऐकून घेतलं. काही चिडले, तुम्ही सांगता म्हणून आम्ही उपचार ठरवतो असं वाटलं का तुम्हाला? काहींनी उचललाच नाही. महिनाअखेरीस विक्री विभाग बंद झाला. मुलं टेबलं आवरून गेली, आणि जाताना त्याच्याच पाया पडली.

पुढच्या सलाईनला बहिणीला तोच घेऊन गेला. नर्सला शीर सापडायला वेळ लागला. थेंब नीट पडायला लागल्यावर तो म्हणाला, "चूक माझी आहे."

"तू काही बोललाच नव्हतास, दादा," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. थोड्या वेळाने तिने लेकीला केकचं काम शिकवायला घेतल्याचं सांगितलं. पोरीचा हात अजून जड आहे म्हणाली, अक्षरं तिरकी येतात. मग मळमळायला लागलं तशी तिने कूस बदलली, आणि तो भांडं धरून उभा राहिला.