चारीकडच्या वाटेची हरकत

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नव्या आराखड्याचा नकाशा लागला, तेव्हा निम्मं लासुर्णे आपापल्या रानाचा रंग बघायला धावलं. हिरवा म्हणजे शेती, पिवळा म्हणजे घरं, प्लॉट, पैसा. दादासाहेबांचे अकरा एकर पिवळे झाले होते, आणि त्यांच्या मागचे गोजरबाईचे तीनही. सुनेनं, श्रेयानं, मोबाईलवर फोटो मोठा करून दाखवला.

"आत्या, नशीब उघडलं बघा आपलं!"

गोजरबाईनं बोट ठेवलं ते रानावर नव्हे, पाण्याच्या चारीलगतच्या रेघेवर. "ही काय गं?"

"रस्ता. आधीपासनं हाय असं लिवलंय. रस्ता हाय म्हणून तर पिवळं केलंय."

गोजरबाई गालातल्या गालात हसली. नऊ वर्षांत सुनेनं तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी ह्याच वाटेवर दादासाहेबांनी नांगर घातला होता. गोजरबाईची वस्ती तेव्हा मागच्या रानातच होती. तिच्या नवऱ्याच्या, सोपानरावांच्या छातीत कळ आली आणि गाडी काही आत येईना. चौघांनी चादरीच्या झोळीत घालून उसातनं त्यांना डांबरीवर आणलं. तिथं पोचल्यावर झोळी धरणाऱ्यांनाच कळलं, की आता घाई नको.

ती वाटेसाठी तहसीलला गेली. तिथं दादासाहेबांनी शपथेवर लिहून दिलं, की चारीच्या कडेनं गाडीवाट कधी नव्हतीच. वकील म्हणत होता, आपल्या बांधापुरतं लिहा. पण त्यांना बाईला पुरतं हरवायचं होतं. त्यांनी सगळी चारी लिहायला लावली. गोजरबाई हरली. त्या प्रतिज्ञापत्राची नक्कल तिनं पोथीच्या रुमालात बांधून ठेवली. रोज पोथी सोडताना ती हाताला लागायची.

आता तीच नक्कल जोडून तिनं नकाशातल्या रस्त्यावर हरकत दाखल केली आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच दादासाहेब दारात. गोजरबाई वाती वळत होती. रोज एकशे आठ, आणि पुऱ्या होईस्तोवर तोंडातून शब्द नाही, हा तिचा नेम गावाला ठाऊक होता.

"वैनी, जुनं उकरून काय मिळायचं?"

तिनं वात वळली.

"उद्याच जेसीबी लावतो, वाट करून देतो."

आणखी एक वात.

"अवो, तुमचं रानबी त्यातच अडकतंय की!"

जराही घाई न करता तिनं त्यांना पाऊण तास बसवून ठेवलं. शेवटची वात तबकात ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, "चहा घेता न्हवं, भावजी?"

"चहा ऱ्हाऊ द्या. हरकत माघारी घ्या."

"मी काय खोटं लिवलंय? शपथ तुमीच घेतलीया. आता ती मोडा म्हणून सांगू? पाप लागंल मला."

सुनावणी बारामतीत झाली. अधिकाऱ्यांनी कागद वाचून चष्मा वर केला.

"ही सही तुमची?"

"व्हय, पण सायेब, तवाची गोष्ट येगळी..."

"वाट होती की नव्हती? होती म्हणालात, तर हे प्रतिज्ञापत्र खोटं. मग त्याची चौकशी लागेल."

दादासाहेबांनी मागं वळून पाहिलं. गोजरबाई हात जोडून उभी होती, देवळात उभं राहावं तशी. मनात मात्र म्हणत होती, बोल. तुझ्या तोंडानं बोल.

"नव्हती," दादासाहेब म्हणाले.

रस्ता नाही, तर पिवळाही नाही. दोन्ही रानं शेतीतच ठेवावीत, अशी शिफारस अधिकाऱ्यांनी तिथंच लिहिली.

पायऱ्या उतरताना श्रेयाचे डोळे भरले. "आत्या, आपलंबी गेलं की वो. प्लॉटच्या पैशातनं ह्यांचं हितं बारामतीत दुकान टाकायचं ठरलं हुतं."

"ठावं हाय."

"हरकत देतानाच ठावं हुतं?"

"व्हय."

"मग आमचा इचार न्हाय केला?"

पलीकडं दादासाहेब गाडीचं दार उघडून तसेच उभे होते, आत बसायचं विसरून. गोजरबाई पायरीवरच टेकली.

"जरा थांब," ती सुनेला म्हणाली. "मला बघू दे."